कोकणकड्यावरून दिसणारं माहेर

"ते खाली पत्रे चमकतायत ना, ते माझं माहेर."

हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या काठाशी पालथे पडून आम्ही सगळे खाली बघत होतो. कॅमेरे, आरडाओरडा, 'अरे बापरे' वगैरे. सरबत विकणाऱ्या मावशी मागून हे इतक्या सहज बोलल्या, की मी कड्याकडे बघायचं सोडून त्यांच्याकडेच बघत राहिलो.

खाली बेलपाडा गाव. मावशी लग्न होऊन वर, गडाजवळच्या पाचनईला आल्या. मध्ये हा आत वळलेला, नागाच्या फण्यासारखा कातळ. "मग माहेरी कशा जायचात?" मी विचारलं.

"साधल्या घाटानं. पोरगं पाठीला बांधून. आता गुडघे न्हाई म्हणत्यात."

आपण या कड्याबद्दल काय काय बोलतो! साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सनं इथं पाहिलेलं इंद्रवज्र, ढगांत उमटणारं गोल इंद्रधनुष्य. सगळं खरंच आहे, आणि तो कडा पाहून पोटात गोळा येतो हेही खरं.

पण आमच्या एकाही फोटोत ते पत्रे नाहीत. मीच क्रॉप केले होते, फ्रेम 'स्वच्छ' दिसावी म्हणून. सह्याद्री म्हटलं की आपल्याला निर्मनुष्यच का आवडतो कोण जाणे. या घाटवाटा काही ट्रेकर्सनी पाडलेल्या नाहीत. मीठ, धान्य, गुरं, लग्नाची वऱ्हाडं, सगळं इथूनच चढलं-उतरलं.

साधले घाट कुणी उतरलंय का? वाट सध्या कशी आहे?