तुम्ही विचारलंत म्हणून: तिथे जाऊन बोलता तरी काय?

पावसाळ्यात कुठे दरड कोसळली, कुठे पूर आला की मी तिथल्या माणसांना मानसिक आधार द्यायला जाऊन येते, आणि परतल्यावर लग्नात, जिन्यात, बँकेच्या रांगेत कुणीतरी विचारतंच, "तिथे जाऊन तुम्ही नेमकं बोलता तरी काय?" त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न असतो, कधी उघड, कधी नुसता चेहऱ्यावर: "त्यांना घर हवंय, पैसे हवेत. बोलून काय होणार?"

आजवर दोन वाक्यं बोलून मी वेळ मारून नेली. आज नीट सांगते.

बोलणं हा या कामाचा लहानसा भाग आहे. पहिल्या आठवड्यात मी विचारते ते असं: जेवलात का? रक्तदाबाच्या गोळ्या ढिगाऱ्यात गेल्या का? आश्रमशाळेतल्या मुलांना कुणी काय सांगितलंय? पंचनाम्याच्या वेळी सोबत थांबू का? जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचारावर पुस्तिका काढली, तिचं सार एवढंच आहे: आजूबाजूला पाहा, ऐका, आणि जिथून मदत मिळेल तिथे माणसाला जोडून द्या. घडलेलं सगळं सविस्तर सांगायला लावू नका, असंही त्यात बजावलंय. ज्या माणसाला चार वाहिन्यांनी माइक पुढे करून "काय वाटतंय" विचारलेलं असतं, त्याच्यापुढे पाचवी मी कशाला होऊ?

बहुतेक माणसं कुठल्याही तज्ज्ञाशिवाय सावरतात. हे मी कबूल केलं की प्रश्न विचारणाऱ्याला आपलंच खरं झाल्यासारखं वाटतं. पण ती सावरतात शेजार असतो म्हणून, शेत असतं म्हणून, घरात कुणी मोठं माणूस असतं म्हणून. दरड हे सगळं एका रात्रीत नेते. पत्र्यावर पाऊस वाजला की मुलं दप्तर घेऊन दाराशी जाऊन बसतात. अशा वेळी १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक मी आवर्जून देते, आणि फोनला रेंज आहे का तेही बघते.

या कामात नवी होते तेव्हा माझा समज वेगळा होता. मयताच्या घरी न रडणाऱ्या बाईला आपल्याकडे मुद्दाम रडवतात, नाहीतर दुःख छातीत बसेल म्हणून. मीही तेच मानत होते, फक्त त्याला प्रशिक्षणातले शब्द जोडले होते. ती तेव्हाची मी अजून माझ्याशी भांडते. म्हणते, तू आता जपून जपून माणसांपासून लांब राहायला लागलीस. तिला गप्प करता येईल असं उत्तर माझ्याकडे नाही. एक प्रसंग सांगते, मग तुम्हीच बघा.

रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली. २३ तारखेला शोध थांबला, तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. त्याआधी २०२१ मध्ये त्याच जिल्ह्यातल्या तळिये गावावर दरड आली, तेव्हाही सगळे सापडले नव्हते. यंत्रं वर चढत नाहीत, उपसलेला चिखल पुन्हा खाली येतो, रोगराईची भीती असते. शोध थांबवण्याचा निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पण ज्याचं माणूस आत आहे त्याला तो निर्णय कसा ऐकू येतो, ते मी जवळून पाहिलंय.

मी सांगतेय तो माणूस अशाच एका वाडीतला. वाडीचं नाव लिहीत नाही, एवढ्याशा उंबऱ्यांत माणूस लगेच ओळखू येतो. त्याची बायको सापडली नव्हती. बेपत्ता माणसाला मृत मानायला कायद्यात सात वर्षांची अट आहे. अशा दुर्घटनेत सरकार तेवढी वाट पाहायला लावत नाही, लवकर दाखला देतं, म्हणजे मदतीची रक्कम मिळते. हेतू चांगलाच आहे. त्यासाठीचा अर्ज त्याच्यासमोर आला आणि तो सही करेना.

कागद घेऊन आलेला कर्मचारी मला म्हणाला, "मॅडम, तुमचं कामच आहे ना हे? जरा समजवा त्याला." त्या माणसाचा धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, तुमचं ऐकेल तो."

तो शाळेच्या व्हरांड्यात बसला होता. मी शेजारी बसले. बऱ्याच वेळाने त्यानेच विचारलं, "सही केली की शोधायचं थांबवतील ना?"

मी म्हटलं, "दादा, शोधायचं कालच थांबलंय. तुम्ही सही केली नाहीत तरी ते पुन्हा सुरू होणार नाही. आणि केलीत, तर तुमच्यामुळे थांबलं असंही होणार नाही."

हे सांगायला मला कुणी शिकवलं नव्हतं. खोटं बोलायचं नाही, एवढंच ठरलेलं होतं.

मग तो म्हणाला, "दहावा कुठल्या दिवसापासून धरायचा?"

देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करतात, तो पालाशविधी मला ऐकून माहीत होता. पण त्यांच्यात काय करतात ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून आम्ही त्याच्या आत्याकडे गेलो. आत्या म्हणाली, "दरड आली त्या रात्रीपासून." तो तिच्या अंगावर ओरडला, "आणि त्या रात्री ती जिती असली तर? दोन दिवस आत जिती असली तर?"

आत्या गप्प झाली. मीही. बाकी काहीही बोलले असते तर ते त्याच्यासाठी नसतं, मला ते ऐकवत नव्हतं म्हणून असतं. आम्ही तिघं तिथेच बसलो. कर्मचारी कोरा अर्ज घेऊन निघून गेला.

सही बऱ्याच आठवड्यांनी झाली. पुढे भेटला तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही सांगितलंत म्हणून केली." मी असं कधीच सांगितलं नव्हतं, निदान मला तरी तसंच आठवतं. कदाचित त्याला तो भार दुसऱ्या कुणावर तरी ठेवायचा होता. ठेवू दे. तेवढं तर मी करू शकते.

भावाचं म्हणणं मात्र वेगळं आहे. मी त्याच दिवशी जोर लावला असता तर पैसे वेळेत आले असते, असं तो म्हणतो. मधल्या काळात मुलांसाठी त्यांनी व्याजाने पैसे काढले, ते फेडताना त्याची दमछाक झाली. तुम्ही विचारता ना, बोलून काय होणार? तो नेमकं उलटं विचारतो: ताई, तुम्ही बोलला का नाहीत? अर्ज करायला लावणं हे माझं काम नव्हतं, असं मी त्याला सांगितलं. त्याला ते पटलेलं नाही, आणि व्याज त्याने भरलंय.