गुळ्या तोंड उघडेना

तिळ्या आणि गुळ्या आमच्याकडे आले ते संक्रांतीच्या आदल्या दिवशी, म्हणून ही नावं. दोघे सख्खे भाऊ, गिनी पिग. तिळ्या काळा-पांढरा, गुळ्या तांबूस. आता दोघेही साडेतीन वर्षांचे आहेत. गेल्या श्रावणात गुळ्याने खाणं सोडलं. त्याला हाताने भरवण्यात माझे आणि आईचे जवळजवळ तीन आठवडे गेले.

सुरुवात कळायला मला उशीर झाला. फ्रिजचं दार वाजलं की तो नेहमीसारखाच वीक-वीक ओरडत जाळीला यायचा, कोथिंबिरीची काडी तोंडात धरायचा आणि टाकून द्यायचा. काकडी खायचा, गवताला तोंड लावून मागे फिरायचा. हनुवटीखालचे केस ओले दिसायचे. भूक होती, खाता येत नव्हतं. हा फरक मला तेव्हा समजला नाही. पावसाळी हवेने मरगळ आली असेल असं वाटलं. सोमवारी सकाळी त्याच्या कोपऱ्यातल्या लेंड्या बारीक आणि मोजक्याच दिसल्या, तेव्हा त्याला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं. ८१२ ग्रॅम. महिन्यापूर्वीचा आकडा ९४० होता.

या प्राण्याचं आतडं सतत चालतं राहावं लागतं. अर्धा दिवस पोटात काही गेलं नाही तर ते मंदावतं, गॅस धरतो, आणि गॅसने दुखलं की उरलीसुरली भूकही जाते. त्यामुळे ‘उद्या बघू’ म्हणायची सोय नसते.

साताऱ्यात आमच्या ओळखीचे जनावरांचे डॉक्टर गाई-म्हशी आणि कुत्री बघतात. त्यांनी फोनवरच सांगितलं, "मी हा प्राणी हाताळलेला नाही, पुण्याला न्या. आणि घरातलं कुठलंही अँटिबायोटिक देऊ नका." घरात भाचीच्या घशासाठी आणलेलं अमॉक्सिसिलीनचं सिरप होतं, आणि त्याचे दोन थेंब द्यावेत असं शेजारच्या काकूंनी सुचवलंही होतं. पेनिसिलीनच्या जातीची औषधं, अमॉक्सिसिलीनही त्यातलंच, गिनी पिगच्या पोटातले उपयोगी जंतू मारतात, घातक जंतू माजतात आणि प्राणी दगावू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. स्वतःला माहीत नसलेल्या प्राण्याबद्दल इतकं नेमकं सांगणाऱ्या त्या डॉक्टरांची मी कायमची ऋणी आहे.

मंगळवारी पहाटे निघालो. टोपलीत गुळ्याबरोबर तिळ्याही होता, कारण एकटा असला की तो जास्त घाबरतो. खंबाटकी घाट संपेपर्यंत दोघांचाही आवाज नव्हता. पुण्यातल्या डॉक्टर मॅडमनी तोंडात बारीक दिवा घालून पाहिलं, एक्स-रे काढला. खालच्या दाढा आतल्या बाजूला वाढून जिभेवर कमानीसारख्या आल्या होत्या. जीभ त्या कमानीखाली अडकत होती. गिनी पिगचे सगळेच दात जन्मभर वाढतात आणि त्यांची झीज होते ती मुख्यतः गवत चावून. परदेशातून येणारं टिमथी गवत महाग पडतं, म्हणून मी गेल्या वर्षभरात ते कमी केलं होतं आणि गवताच्या भुकटीचे तयार दाणे, गाजर वाढवलं होतं. मॅडमनी दोष दिला नाही. पण त्यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देताना मला माझी चूक दिसत होती. अशीच झाली असती असंही असेल, काही प्राण्यांच्या दाढा तशाच वाढतात म्हणे. तरी गवत मी कमी केलं होतं, हे खरं.

भूल देऊन दाढा घासल्या. संध्याकाळी तो हातात मिळाला तेव्हा मला वाटलं, आता खाईल. तो खाईना. इतके दिवस विचित्र चावून जबड्याचे स्नायू दुखावलेले असतात, आतला भाग सोललेला असतो. म्हणून दुखण्यावरचं औषध, आतडी हलती ठेवणारं औषध, व्हिटॅमिन सीचे थेंब (माणसासारखंच यांच्या शरीरातही ते तयार होत नाही), आणि आजारी शाकाहारी प्राण्यांसाठीची गवताची पूड मिळाली. ती कोमट पाण्यात कालवून दिवसाला साधारण ४५ ते ५० मिलिलिटर, रात्रीसकट दर चार तासांनी भरवायची. वापरायची १ मिलिलिटरची बिनसुईची सिरिंज. म्हणजे एका वेळेला आठ-नऊ सिरिंजा.

पहिल्या रात्री त्यातल्या दोनसुद्धा पोटात गेल्या नाहीत. गुळ्या दात घट्ट मिटून घ्यायचा, मान झटकायचा, पुढच्या दोन्ही पायांनी सिरिंज ढकलायचा. गेलेलं थुंकून टाकायचा. माझ्या हातातली भीती त्याला कळत होती आणि त्याची मला. शेवटी मी त्याला मांडीवर पाठीवर झोपवलं, तोंडात सिरिंज घातली आणि दट्ट्या एकदम दाबला. त्याने ठसका दिला आणि नाकातून हिरवट बुडबुडा आला. श्वास खर्र-खर्र वाजू लागला. मी त्याला लगेच सरळ धरलं, नाक पुसलं आणि पहाटेपर्यंत कान लावून बसले. घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो. सुदैवाने तासाभरात आवाज थांबला.

सकाळी आईने विचारलं, "कसं भरवतेस ते दाखव बरं." मी दाखवलं. ती म्हणाली, "अगं, असं का कुणी पाजतं? बोंडल्याने बाळाला पाजताना धार घशात नाही सोडायची. गालाच्या कोपऱ्यात सोडायची आणि गिळल्याशिवाय पुढचा घोट नाही." आईने आम्हा तिघा भावंडांना बोंडल्याने पाजलंय, शिवाय तिच्या माहेरी आई नसलेलं वासरूही वाढवलंय. तिने कपाटातून जुनं सुती दुपटं काढलं, गुळ्याला पोटावर बसवूनच पुढचे पाय आत घेऊन गुंडाळलं, फक्त तोंड बाहेर. मग त्याची पाठ आपल्या पोटाशी टेकवली. मागे सरकायला जागा उरली नाही आणि तो धडपडायचा थांबला.

मॅडमना फोन केला तर त्यांनीही तेच सांगितलं आणि जागा नेमकी सांगितली. समोरच्या दातांच्या मागे आणि दाढांच्या पुढे मोकळी फट असते, तिथे बाजूने सिरिंजचं टोक सरकवायचं. दात मिटलेले असले तरी ते आत जातं. दाण्याएवढंच सोडायचं, पाव मिलिलिटरपेक्षा कमी, आणि जबडा हलायची वाट बघायची. चावणं सुरू झालं की मगच पुढचं. मी विचारलं, "तो इतका विरोध का करतो?" त्यांनी उलट विचारलं, "दुखण्याचं औषध कधी देता?" मी ते भरवून झाल्यावर देत होते. त्यांनी ते आधी द्यायला आणि अर्धा तास थांबून मग भरवायला सांगितलं.

त्या दुपारी पहिल्यांदा त्याने मान झटकली नाही. इतका वेळ मी ज्याला हट्ट समजत होते, ते दुखणं होतं. तो मला दुसऱ्या कुठल्या भाषेत सांगणार होता?

मग बाकीचं हळूहळू जमलं. सिरिंजच्या अरुंद तोंडात पूड अडकायची, म्हणून टोक कापून नखाच्या कानशीने कड गुळगुळीत केली. कोथिंबीर वाटून गाळलेलं पाणी कालवताना घातलं तर वास ओळखून तो स्वतः ओठ हलवायचा. थंड झालेलं त्याला चालत नाही, म्हणून वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायची. श्वास भराभर चालला की पाच मिनिटं थांबायचं. शेवटी हनुवटी ओल्या कापसाने पुसायची, नाहीतर सुकलेल्या घासाने कातडी सोलते. पाकीट सहाव्या दिवशी संपलं, तेव्हा नेहमीचे गवताचे दाणे भिजवून मिक्सरमध्ये वाटले आणि काम भागवलं.

पिंजऱ्यात मध्ये जाळी लावली. एकमेकांना पाहता, हुंगता यायचं आणि लेंड्या कुणाच्या हे कळायचं. वहीत रोज तीन आकडे: वजन, किती गेलं, किती लेंड्या. सर्वांत खाली ७८१ ग्रॅम, तो शुक्रवार. त्या रात्री दोन वाजता भरवताना मी रडले. आई उठून आली, सिरिंज घेतली आणि म्हणाली, "तू झोप. सहाला उठवते."

रविवारपासून लेंड्या मोठ्या व्हायला लागल्या. भरवण्याआधी प्रत्येक वेळी त्याच्यापुढे चिमूटभर गवत ठेवायचो, तो हुंगून सोडायचा. नवव्या दिवशी आईने मंडईतून दूर्वांची जुडी आणली, स्वच्छ धुऊन कोरडी केली. तिळ्याने जाळीपलीकडे एक ओढली, कुरकुर आवाज सुरू झाला. गुळ्या तो आवाज ऐकत थोडा वेळ बसून राहिला. मग पुढे येऊन त्याने एक दूर्वा उचलली. तोंड वाकडं करून, एका बाजूनेच, पण शेवटपर्यंत चावली. आई म्हणाली, "दुसरी घेतोय बघ."

तरी भरवणं लगेच थांबवलं नाही. तो खाईल तेवढं आमचं कमी, असं करत सिरिंजा आठावरून चारवर, मग दोनवर आल्या. अठराव्या दिवशी वजन ८६६ झालं आणि त्याने सिरिंज पायाने ढकलली. या वेळी तो लगेच वळून गवताच्या ढिगात शिरला, म्हणून मी ती खाली ठेवली.

दुपटं आईने धुऊन घडी घालून पिंजऱ्याशेजारच्या डब्यात ठेवलंय, सिरिंजा त्याच्याच खाली. दाढा पुन्हा वाढतील, दीड महिन्याने पुण्याला परत दाखवायचंय. वजन आता दर रविवारी करते, दोघांचंही.