आमची वाटचाल : बँड, खोली आणि बुकिंगची वही

प्रॅक्टिसला येणाऱ्या बऱ्याच नव्या मुलांना वाटतं की आम्ही पहिल्यापासून खोलीवालेच, म्हणजे बँडना प्रॅक्टिसची खोली भाड्यानं देणारे. तसं नाही. आधी बँड होता. दोन गिटार, ड्रम्स आणि बासवर मी. गायला कुणीच तयार नव्हतं, म्हणून ऱ्हिदम गिटारवाला गायला लागला. स्वतःची गाणी वाजवायची हे पहिल्यापासून ठरलेलं, त्यामुळे गिग (कार्यक्रम) मिळायचे नाहीत हेही ठरलेलंच. आधी कव्हर्स, म्हणजे दुसऱ्यांची गाजलेली गाणी, वाजवा, मग तुमचं ऐकू, असं आयोजक सांगत. आम्ही वाजवली नाहीत. (सेटच्या मध्ये एखादं घुसवलं असेल, ते सोडा.)

नोकरी सांभाळून वाजवणाऱ्यांना गाणी सुचतात. अडतं ते जागेपाशी. ड्रमसेट बंद खोलीत सहज १०० डेसिबलच्या वर जातो. शेजारी किती दिवस ऐकून घेणार? म्हणून चौघांनी वर्गणी काढून खोली घेतली, करारावर सही माझी. भागीदारीचा कागद करू म्हटलं तर लीड गिटारवाला म्हणाला, ‘मित्रांत कागद कसला?’ हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

खोली आम्ही हातानं बांधली. जो येईल तो भिंतीला अंड्याचे ट्रे लावायला सांगायचा. ट्रेनं आवाज अडत नाही, वरचा चरचरीतपणा थोडा कमी होतो इतकंच. आवाज अडवायला वजन लागतं, आणि वजनाच्या दोन थरांत मोकळी जागा. आम्ही मूळ भिंतीपासून सुटी दुसरी भिंत उभी केली, जिप्सम बोर्ड दुहेरी, आत रॉकवूल (दगडाच्या धाग्यांची दाट लोकर). जमिनीवर रबर, त्यावर फळ्या. सगळ्यात छळलं दारानं. दाराखाली बोटभर फट राहिली की बाकीचा सगळा खर्च पाण्यात, म्हणून एकामागे एक दोन दारं केली. ती अजून तीच आहेत.

बासचं दुखणं वेगळं. खालच्या ई तारेचा स्वर ४१ हर्ट्झचा, म्हणजे लाट आठ मीटरहून लांब. छोट्या खोलीत ती कोपऱ्यात साचून घुमते आणि दोन पावलं सरकलात की गायब होते. दोन इंची फोमला ती भीक घालत नाही. कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत जाड रॉकवूल भरलं, तेव्हा कुठे माझा स्वर मला स्वर म्हणून ऐकू आला.

सामान थोडंच होतं. एसएम५८ हा माइक १९६६ पासून बनतोय. आमचे पहिले दोन्ही अजून चालू आहेत, एकाची जाळी चेपलीय. जाळी नवी मिळते, तिची काळजी नको. काळजी त्या गायकांची, जे जाळी मुठीत धरून गातात. त्यानं माइकचा मागचा आवाज टाळण्याचा गुणच जातो, मॉनिटर (गायकाकडे तोंड केलेला स्पीकर) शिट्टी मारायला लागतो, आणि मग शिव्या साउंडवाल्याला. सांगायचं राहायला नको म्हणून आणखी : ट्यूब अँप (व्हॉल्व्हचा अँप्लिफायर) कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी, जोडल्याशिवाय सुरू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. हम (विजेची घरघर) येतोय म्हणून प्लगची अर्थिंगची पिन तोडणाऱ्याला आम्ही पुन्हा बुकिंग देत नाही. त्यासाठी डीआय बॉक्सवर (वाद्य मिक्सरला जोडायची डबी) ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे सिग्नलच्या वायरचं ग्राउंड सोडवायचं, बटण असतं. आणि कानात प्लग घाला. १०० डेसिबलला सुरक्षित वेळ जेमतेम १५ मिनिटं धरतात, तुमची प्रॅक्टिस तीन तासांची असते.

बँड नसेल तेव्हा खोली रिकामी, म्हणून भाडं निघावं इतक्यापुरती ती इतरांना देऊ लागलो. धंदा सुरू झाला तो असा. वेळा, नावं, फोन नंबर सगळं एका वहीत.

पहिलं रेकॉर्डिंग आम्ही तिथेच केलं, चौघांनी एकत्र वाजवून. मिक्सिंग अर्ध्यावर आलं आणि लीड गिटारवाला गेला. आता तो सांगतो की भांडण गाण्यांवरून होतं. भांडण त्याच्या आवाजाच्या पातळीवरून होतं. दर वेळी गिटार वर, बाकी सगळे खाली. जाताना अँप नेला, तो त्याचाच होता. मिक्सर मात्र चौघांच्या वर्गणीचा, तोही नेला. आणि वही नेली.

थोड्याच दिवसांत त्यानं जवळच स्वतःची खोली उघडली. रंगीत फोम, दिवे, फोटोला झकास. आमच्याकडे येणारे बँड एकेक करून तिकडे गेले. आमची खोली बंद होतेय असंही कुणीतरी पसरवलं. कुणी, ते लिहीत नाही. भाडं थकलं, मालकानं नोटीस दिली. ड्रमरनं स्वतःची राइड सिंबल (ड्रमसेटवरची मोठी झांज) विकली, का ते मला आधी सांगितलंही नाही. मी लोकांच्या केबल सोल्डर करून दिल्या, उसन्या मिक्सरवर मिळेल तिथे साउंड केला.

त्या काळात एकच गिऱ्हाईक टिकलं. तिघांच्या एका बँडमध्ये बास वाजवणाऱ्या ताई. त्याही एकदा तिकडे जाऊन आल्या, आल्यावर म्हणाल्या, ‘अहो, तिकडे माझं मलाच ऐकू येत नाही. नुसतं घूं घूं.’ यायचंच. फोमनं वरचं शोषलं आणि खालचं तसंच राहिलं की दुसरं काय होणार? मग ताईंनी बसून नवी वही लिहून दिली. त्यांच्या आधी कोण येतं, नंतर कोण, कोण पैसे बुडवतं, सगळं पाठ. बऱ्याच जणांना फोनही त्यांनीच केले. त्यांच्या बँडला आमच्याकडे अजून जुनाच दर आहे.

‘रेकॉर्डिंगमधून माझे ट्रॅक काढा’, असा मधे लीड गिटारवाल्याचा निरोप आला. काढले. त्या जागी काही भरलं नाही; बास पुढे आला, आणि ऐकणाऱ्यांनी नेमकी तीच गोष्ट उचलून धरली. पण सगळे एका खोलीत वाजवत होतो, त्यामुळे ड्रम्सच्या वरच्या माइकमध्ये त्याची गिटार शिरलेली आहे. हेडफोन लावून दुसऱ्या गाण्याचा कोरस ऐका, मागे बारीक येते. ती निघत नाही.

नंतरची वर्षं बरी गेली. दुसरी खोली झाली.

त्याची खोली बंद पडून बराच काळ झाला. मिक्सर अजून परत आलेला नाही. सातव्या चॅनलचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती खुंटी) तेव्हाच खरखरत होता; तो दुरुस्त करून घेतला असेल तर बिल घेऊन यावं, हिशेबात वळतं करून देऊ.