मोतीबिंदूचं ऑपरेशन फुकट, पण सोबतीला माणूस पाहिजे

आमची आत्त्या कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढच्या जंगलपट्टीत एकटी राहते. सत्तरी ओलांडलेली, मूलबाळ नाही. "आता किती बघायचंय मला?" म्हणत दोन्ही डोळ्यांकडं तिनं दुर्लक्षच केलं. मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढायचा नाही, असं गावात अजून सांगतात. डॉक्टर म्हणाले, तो काळ गेला. फार पिकू दिला तर डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते.

पहिली तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली. आत्त्या शाळेत गेलेली नाही, म्हणून चारी दिशांना तोंड फिरवलेल्या 'ई'चा तक्ता लावला. काटे कुठल्या बाजूला ते हातानं दाखवायचं. सगळ्यात वरचा मोठा 'ई'सुद्धा तिला सांगता येईना. तिनं हात मांडीवर ठेवला आणि गप्प झाली. मग त्यांनी बोटं मोजायला लावली, तीही अगदी चेहऱ्याजवळ आणून. एवढ्या नजरेनं ही बाई चूल पेटवत होती, विहिरीवर जात होती, आणि आम्हा घरच्यांना पत्ता नव्हता.

पुढं कागदपत्रं. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मोफत. एपीएलवाल्याला मात्र पॅकेजच्या, म्हणजे त्या उपचाराला सरकारनं ठरवलेल्या खर्चाच्या, फक्त 30 टक्के मिळतात, बाकीचे खिशातून. आत्त्या बीपीएल, पण रेशन कार्ड दिराच्या घरात आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर केव्हाच बंद पडलेला, म्हणजे ओटीपी येणार कुठं? अंगठा लावला तर उमटेना. जन्मभर भाताची लावणी करून बोटांच्या रेषाच झिजल्यात. कोमट पाण्यानं हात धुऊन, कोरडे करून एकेक बोट लावत गेलो, तेव्हा कुठं डाव्या हाताचं एक जुळलं. एकट्या म्हातारीनं हे कसं करावं?

ऑपरेशनआधी रक्तदाब आणि साखर तपासतात. साखर जास्त निघाली, म्हणून गोळ्या सुरू करून नंतरची तारीख दिली. 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत बायकांना साध्या बसला तिकीट नाही, त्यामुळं आत्त्याचा बेळगावचा प्रवास फुकटात झाला. या योजनेचा आमच्याकडच्या बायकांना खरा आधार आहे. पण मी बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत कामाला. प्रत्येक फेरीला माझा खाडा आणि माझं तिकीट. दवाखान्यात तर सोबत माणूस असल्याशिवाय दाखल करून घेत नाहीत. संमतीचा फॉर्म कन्नडमधला. एका नर्सबाईंनी ओळ न् ओळ मराठीत समजावली, तेव्हा आत्त्यानं अंगठा दिला.

ऑपरेशन टाक्याशिवायचं. भूल फक्त डोळ्यापुरती, आत लेन्स बसवली, थोड्याच वेळात बाहेर आणलं. सगळ्या खटपटीत सोपी गोष्ट हीच.

2015 ते 2019 या काळातल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचे आकडे मी नंतर बघितले. पन्नाशीपुढच्या लोकांत अंधत्व 1.99 टक्के. निरक्षरांत 3.23, आणि दहावी किंवा त्यापुढं शिकलेल्यांत 0.43. आणि अंधत्वाचं सगळ्यात मोठं कारण मोतीबिंदू, जो काढता येतो! हा फरक डोळ्यांमधला नाही. कुणाच्या घरात फॉर्म भरणारा आहे, कुणाचा पगार एका खाड्यानं अडत नाही, त्यातला आहे.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर चिक्कोडीकडच्या एक काकी होत्या. त्यांना काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली तेवढी थेंबांनी सांभाळायची. त्यांचा मुलगा पुण्यात कामाला, गणपतीला आला तेव्हा आईला घेऊन आला. त्याआधी आणणारं कोणी नव्हतं. मला त्यांच्याशी काय बोलावं ते सुचेना.

घरी आल्यावर काही आठवडे थेंब घालायचे होते. हात कापतात, बाटलीचं टोक डोळ्याला लागतं, म्हणून शेजारची सूनबाई येऊन घालत होती. हे काम कुठल्याच योजनेत धरलेलं नाही.

दुसऱ्या डोळ्याची तारीख सुगीनंतरची घेतली आहे. माझा खाडा पडणारच आहे, तेव्हा आत्त्याच्या गल्लीतल्या आणखी दोघी म्हाताऱ्यांना बरोबर न्यायचं ठरलंय. त्यातल्या एकीच्या आधारला नंबर जोडायचा राहिलाय, तेवढं या रविवारी गावी जाऊन बघतो.