दुर्लक्षामुळे वाचलेलं चर्च

शनिवार, जुलै. रात्रीचे दहा वाजलेत आणि बाहेर लख्ख उजेड.

आज फिनलंडमधल्या पेतायावेसी या गावी जाऊन आले. युवास्क्युला शहराहून पश्चिमेला, गाडीनं तासही लागत नाही. सगळ्या नगरपालिकेची वस्ती चार हजारांच्या आत, पण इथलं जुनं लाकडी चर्च १९९४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

१७६३ ते १७६५ मध्ये याको क्लेमेतिनपोइका लेप्पानेन या कारागिरानं ते बांधलं. ओंडक्यावर ओंडका, कोपऱ्यांत खाचा पाडून एकमेकांत अडकवलेले. आराखडा मात्र दक्षिणेकडच्या दगडी चर्चांचा: चारही बाहू सारखे असलेला क्रूस, मधोमध अष्टकोनी घुमट. दगडाचा असता तर मी एकदा वर बघून पुढे सरकले असते. हा फळ्यांचा! मान दुखेपर्यंत बघत बसले. प्रवचनाचा कोरीव मंच संत क्रिस्तोफरच्या मूर्तीनं तोलून धरलाय; मला वेदीपेक्षा तोच जास्त आवडला.

जागा पाण्याकाठची, कारण लोक उन्हाळ्यात होड्यांनी यायचे आणि हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरून. रस्त्यांपेक्षा तेच सोयीचं. १८२१ मध्ये याकोच्या नातवानं, एर्क्कीनं, घंटाघर जोडलं.

पण डोक्यात घोळतंय ते पुढचं. १८७९ मध्ये गावानं नवीन चर्च बांधलं आणि हे सोडून दिलं. दफनभूमी आणि घंटाघर तेवढं वापरात राहिलं. १९२०च्या दशकात योझेफ स्त्रिगोव्स्की या ऑस्ट्रियन कला-इतिहासकाराचं लक्ष इकडे गेलं, आणि १९२९ पासून दुरुस्ती सुरू झाली. म्हणजे मधली पन्नासेक वर्षं कुणाला त्याचं फारसं पडलेलं नव्हतं, आणि त्यामुळेच ते वाचलं! गावाचा जीव त्यावर राहिला असता तर शेगड्या बसल्या असत्या, भिंतींना रंग लागला असता. फिनलंडमधल्या कितीतरी जुन्या लाकडी चर्चांचं असंच झालं. गावकऱ्यांना नावं ठेवावीत की त्यांचे आभार मानावेत, मला अजून ठरवता येत नाही. जीर्णोद्धाराच्या नावाखाली ऑइलपेंट फासलेले आपल्याकडचे सभामंडप आठवले, आणि माझा कल आभारांकडे झुकला.

आत गरम करायची सोय आजही नाही, म्हणून प्रार्थना आणि लग्नं उन्हाळ्यातच होतात. पूर्वी मात्र लोक भर जानेवारीतही इथे बसून अख्खं प्रवचन ऐकायचे. मला जुलैत जाकीट काढवलं नाही.