तुम्ही विचारलंत म्हणून: पुनरुत्थानावरच्या विश्वासानं नेमकं काय बदललं?

येशू कबरेतून खरोखर उठला का, हा एक प्रश्न. त्याच्यालगतच दुसरा प्रश्न मला वारंवार विचारला जातो: तो उठला असं ज्यांनी मनापासून मानलं, त्या पहिल्या माणसांच्या जगण्यात काय फरक पडला? विचारणाऱ्याला बहुधा एक उत्तर आधीच ठाऊक असतं, की घाबरून पळालेले शिष्य एका रात्रीत निर्भय झाले. मला हे उत्तर फार अपुरं वाटतं. त्यांचा विश्वास देह उठण्यावर होता, म्हणून त्याच्या खुणाही देहाच्या व्यवहारात शोधाव्या लागतात. कोणत्या दिवशी जमायचं, प्रार्थनेला उभं राहायचं की गुडघे टेकायचे, कोणाच्या पंगतीला बसायचं, प्रेताचं काय करायचं, या सगळ्यात तो विश्वास हळूहळू उतरत गेला.

पुनरुत्थानाची कल्पना ज्यूंना नवी नव्हती. ज्यूंच्या दोन पंथांपैकी परूशी ती मानत, सदूकी नाकारत. मानणाऱ्यांची समजूत अशी की जगाच्या अंती मेलेले सगळे एकदमच उठतील. मध्येच एकटाच कोणी उठेल, आणि तोही रोमनांनी क्रुसावर टांगलेला, हे कोणाच्या हिशेबात नव्हतं. टांगलेला माणूस देवाच्या शापाखाली असतो, असं त्यांच्या धर्मशास्त्रातच लिहिलेलं. पुढारी मारला गेला की येशूच्या चळवळीसारखी चळवळ मोडायची, नाहीतर लोक दुसरा पुढारी धरायचे. इथे दुसरा पुढारी घरातच होता: येशूचा भाऊ याकोब. येशूच्या हयातीत त्याच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता, असं योहानाचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार वृत्तान्तांपैकी एक, सांगतं. तोच याकोब पुढे यरुशलेममधल्या मंडळीचा, म्हणजे ख्रिस्ती समुदायाचा, प्रमुख झाला आणि इ.स. ६२ मध्ये धोंडमार होऊन मेला. जोसेफस या ज्यू इतिहासकारानं त्याच्या मृत्यूची नोंद केली आहे. तरी याकोबाला कोणी मसीहा, म्हणजे देवानं पाठवलेला तारणारा, म्हटलं नाही. मेलेला भाऊच मसीहा राहिला, आणि जिवंत भाऊ त्याचा सेवक झाला. माझ्या मते सगळ्या बदलांत हा सर्वांत विलक्षण आहे.

उठलेला येशू दिसल्याच्या साक्षीदारांची सर्वांत जुनी यादी, येशूचा संदेश गावोगावी नेणाऱ्या पौलानं ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, १५व्या अध्यायात आहे. पत्र साधारण इ.स. ५४-५५ चं, इफिसहून लिहिलेलं. केफा म्हणजे पेत्र, मग बारा जण, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधू, मग याकोब, मग सर्व प्रेषित, शेवटी पौल स्वतः. पाचशेंपैकी बहुतेक अजून हयात आहेत, असंही तो लिहितो. या यादीत बायकांची नावं नाहीत. शुभवर्तमानांत मात्र कबरेपाशी पहिल्यांदा बायकाच पोचतात. दुसऱ्या शतकात केल्सस या टीकाकारानं एका वेडसर बाईच्या सांगण्यावर काय विश्वास ठेवायचा, अशी हेटाळणी केली. तरीही कबरेपाशी गेलेल्या मग्दालीया मरीयेला कोणी कथेतून काढून टाकलं नाही.

आता दिवस. आठवड्याच्या पहिल्या दिवशी येशू उठला म्हणून ते रविवारी जमू लागले. पण रविवारची सुट्टी रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइननं दिली ती ३२१ साली. त्याआधीची जवळजवळ तीनशे वर्षं रविवार हा कामाचाच दिवस होता. गुलामाला मालकाचं, मजुराला मुकादमाचं काम चुकवता येत नसे, म्हणून उजाडण्याआधी नाहीतर काम आटोपून जमावं लागे. आजच्या उत्तर तुर्कस्तानात सुभेदार असलेल्या प्लिनीनं ११२च्या सुमारास सम्राट ट्राजनला पत्र लिहिलं. त्यात हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, चोरी, लुटालूट, व्यभिचार न करण्याची आणि दिलेला शब्द न मोडण्याची शपथ घेतात, पांगतात, आणि पुन्हा जेवायला एकत्र येतात, अशी माहिती आहे. ही माहिती पक्की करण्यासाठी त्यानं दोन दासींचा छळ केला. मंडळीत त्या सेविका होत्या.

रोममध्ये जस्टिन या ख्रिस्ती शिक्षकानं १५५च्या आसपास रविवारच्या सभेचा क्रमच लिहून ठेवला. वेळ असेल तितकं वाचन, मग प्रमुखाचा उपदेश, सगळ्यांनी उभं राहून प्रार्थना, मग भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस. जे येऊ शकले नाहीत, त्यांचा वाटा सेवक घरी नेऊन देत. ऐपत असलेले स्वखुशीनं पैसे देत. ते प्रमुखाकडे जमा होत आणि अनाथ, विधवा, आजारी, कैदी, परगावचे पाहुणे यांच्यावर खर्च होत. उभं राहणंही सहज घडलेलं नाही. रविवारी गुडघे टेकून प्रार्थना करायची नाही, हा नियम उत्तर आफ्रिकेतला ख्रिस्ती लेखक तेर्तुल्यन २००च्या सुमारास रुळलेला म्हणून सांगतो, आणि ३२५ साली निकीयाला भरलेल्या बिशपांच्या, म्हणजे मंडळ्यांच्या प्रमुखांच्या, परिषदेनं तो पुन्हा बजावला. उठलेल्या प्रभूच्या दिवशी माणसानं उभं असावं, इतका साधा त्यामागचा विचार.

बाप्तिस्म्याचं, म्हणजे पाण्यानं ख्रिस्ती दीक्षा देण्याच्या विधीचंही तसंच. पाण्यात जाणं म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं आणि वर येणं म्हणजे नवं जगणं, असं पौलानं रोमकरांना लिहिलं. 'बारा प्रेषितांची शिकवण' या छोट्या जुन्या पुस्तिकेत त्याची कृती सापडते: वाहतं पाणी घ्यावं, ते नसेल तर दुसरं, थंड नसेल तर कोमट, तेवढंही नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावं. बाप्तिस्मा घेणाऱ्यानं आधी एक-दोन दिवस उपास करावा.

आणि यात चुकाही झाल्या. ग्रीसमधल्या थेस्सलनीकामध्ये सगळे प्रभू येशू परत येण्याची वाट पाहत होते, पण तो येण्याआधीच काही जण वारले, तेव्हा त्यांचं आता काय होणार म्हणून बाकीचे हवालदिल झाले. पौलाला त्यांची समजूत काढावी लागली. करिंथमध्ये प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या त्या जेवणाला, श्रीमंत आधी येऊन खाऊन-पिऊन तर्र होत आणि गरीब उपाशी राहत. त्याच मंडळीत काही जण म्हणत होते की मेलेले उठतच नाहीत. पौलानं दोन्ही गोष्टी एकाच पत्रात घेतल्या, आणि मला हा योगायोग वाटत नाही. देहाला उद्या नाही असं मानलं, की शेजारच्या उपाशी देहाचंही काही वाटेनासं होतं.

प्रेताच्या बाबतीत विरोधकांनाही हे नीट कळलं होतं. १७७ साली आजच्या फ्रान्समधल्या ल्याँ शहरात ख्रिस्ती लोकांचा छळ झाला. नव्वदी ओलांडलेला बिशप पोथिनस आणि ब्लांदिना नावाची दासी त्यात मेली. तिथल्या मंडळीचं पत्र युसेबियस या ख्रिस्ती इतिहासकारानं जपून ठेवलं आहे. प्रेतं सहा दिवस उघड्यावर पहाऱ्यात ठेवली होती. सोबत्यांनी रात्रीचा फायदा घेऊन, पैसे देऊन, विनवण्या करून पाहिल्या, पण पुरायला देह मिळाले नाहीत. शेवटी ते जाळून राख रोन नदीत लोटली, आणि आता बघू हे उठतात का, असं विचारलं. राखेतून देव उठवू शकत नाही असं ख्रिस्ती मानत नव्हते. दफनाच्या पद्धतीनं काही नुकसान होतं असं आम्हाला वाटत नाही, जुनी नि चांगली चाल म्हणून आम्ही पुरतो, असं उत्तर मिनुसियस फेलिक्स या ख्रिस्ती लेखकाच्या लॅटिन संवादात आहे. रोममध्ये त्याच काळात इतर लोकही दहनाकडून दफनाकडे वळत होते, तेव्हा दफनाचं सगळं श्रेय ख्रिस्ती विश्वासाला देऊ नये. वेगळेपणा होता तो पैशांत: तेर्तुल्यन सांगतो त्याप्रमाणे महिन्यातून एकदा ज्यानं त्यानं स्वखुशीनं दिलेल्या वर्गणीतून गरिबांना पुरलं जाई. २५१च्या सुमारास रोमचा बिशप कर्नेलियस आपल्या मंडळीत ४६ धर्मगुरू आणि १,५००हून अधिक विधवा व गरजू असल्याचं लिहितो.

निर्भयतेचं म्हणाल, तर जपून बोलावं. बाराही शिष्यांच्या हौतात्म्याच्या तपशीलवार कथा बऱ्याच नंतरच्या आहेत. २५० साली सम्राट डेशियसनं रोमन देवांना बळी वाहून दाखला घेण्याची सक्ती केली, तेव्हा कितीतरी ख्रिस्ती लोकांनी बळी वाहिले, काहींनी लाच देऊन दाखले मिळवले. पुढच्याच वर्षी उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये बिशप जमले आणि पश्चात्तापाची मुदत पाळणाऱ्यांना परत घ्यायचं ठरलं. हा विश्वास नाकारून परत येऊ पाहणाऱ्यांसाठीही त्यांनी मंडळीत जागा ठेवली, आणि याच प्रश्नावरून रोममध्ये फूट पडली तरी तो निर्णय मागे घेतला नाही.