दोरा लाव, मग बोल

स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा मी ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या माझ्या शेडमध्ये एका टेम्पोवाल्याशी हुज्जत घालत होतो. "सर, पाचशे शब्द, एक पासपोर्ट साइज फोटो, आणि शाळेनं तुम्हाला काय दिलं ते लिहा," पलीकडची मुलगी म्हणाली. मला कुणी सर म्हटलं की मी अजून मागे वळून बघतो. पाचशे शब्दांत हे बसणार नाही, हे तेव्हाच कळलं होतं. समितीनं खुशाल कात्री लावावी, फक्त बाईंना लावू नये.

बाई म्हणजे भूगोलाच्या बाई. आपल्या वेळच्यांना नाव सांगायची गरज नाही आणि पुढच्यांना सांगून उपयोग नाही. बाकीच्या शिक्षकांनीही आम्हाला घडवलंच असणार. गणिताच्या सरांनी तर अक्षरशः ठोकून घडवलं. पण अमृतमहोत्सवाचं निमंत्रण हातात आलं आणि डोळ्यांसमोर आली ती बाईंची पर्स. त्या पर्समध्ये लाल दोऱ्याचं रीळ असायचं.

१९७३ चा ऑक्टोबर, आठवी ब. नौपाड्यातल्या रेशन दुकानासमोर सकाळी सहापासून डबे रांगेत लावून मी शाळेत आलो होतो. अंगाला रॉकेलचा वास. बाईंनी विचारलं, "रॉकेल का मिळत नाही रे?" मी घरी ऐकलेलं सांगितलं, "दुकानदार चोर आहे." बाई म्हणाल्या, "असेलही. पण आधी सिनाई दाखव." मला कुठे माहीत सिनाई, आणि तिथे इजिप्त-इस्रायल युद्ध पेटलंय ते! मग त्यांनी रीळ काढलं, माझ्या हातात दोऱ्याचं टोक दिलं आणि म्हणाल्या, "दोरा लाव, मग बोल."

हे वाक्य आम्ही तीन वर्षं ऐकलं. कुठल्याही बातमीवर वर्गात कुणी तोंड उघडलं की आधी नकाशाजवळ जायचं, जागा शोधायची, दोरा लावायचा आणि प्रमाणपट्टीवर तो मोजायचा. सुवेझ कालवा १९६७ च्या युद्धापासून बंद होता. मुंबईहून लंडनला जाणारं जहाज आफ्रिकेला वळसा घालून कसं जातं, हे आम्ही जगाच्या नकाशावर दोऱ्यानं मोजलं. कालव्यातून गेलेला दोरा वीतभर, वळशाचा दोरा जवळजवळ दुप्पट. तेलाचा भाव त्या हिवाळ्यात पिंपामागे तीनएक डॉलरवरून बारापर्यंत चढला, आणि माझ्या आईचा स्टोव्ह का पेटत नाही याचं उत्तर मला शाळेच्या भिंतीवर मिळालं. दुकानदार चोर होताच म्हणा. पुढे पकडलाही गेला.

आता माझा गुन्हा. मी नकाशा-मॉनिटर होतो. स्टाफरूममधल्या कपाटातून आशियाचा नकाशा आणायचा, फळ्यावरच्या खिळ्याला टांगायचा, तास संपला की गुंडाळून परत ठेवायचा. वर-खाली लाकडी दांडे, मागे कापड, आणि डांबरगोळ्यांचा वास. एकदा जिन्यात दोन मित्रांशी त्याच गुंडाळीनं तलवारबाजी केली. बगदादच्या डाव्या हातापासून थेट भूमध्य समुद्रापर्यंतचा तुकडा फाटला तो फाटलाच, वर कुणाच्या तरी पायाखाली येऊन त्याचा लगदा झाला. पाऊस होता, जिना ओला होता.

मी बाईंसमोर उभा राहिलो. त्यांनी नकाशा उघडून भोक बघितलं, त्यातून माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "जेवढं फाडलंस तेवढं काढून आण."

चार दिवस लागले. शाळेच्या लायब्ररीत बसून अॅटलासवरून चौकोन आखून मोठं केलं. ड्रॉइंग पेपर, वॉटरप्रूफ शाई, वाळवंटाला पिवळा रंग. रमादी, रुतबा, अम्मान, दमास्कस ही नावं बोरूनं लिहिली. आईनं मैद्याची खळ करून दिली, झुरळं खाऊ नयेत म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घातला. ठिगळ चिकटवलं, पण पिवळा रंग मूळ नकाशाशी काही जुळेना. अख्ख्या आशियात माझं तेवढं वाळवंट हळदीसारखं दिसायचं. तेव्हापासून मी वाळवंट्या. आपल्या बॅचचे लोक आजही तीच हाक मारतात. माझ्या सुनेनं ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा तिला ते आमचं आडनावच वाटलं.

आता सोळा वर्षांची उडी मारतो. मधल्या काळात विशेष काही घडलं नाही. डिप्लोमा, एक बंद पडलेली कंपनी, मग आखाताचा व्हिसा.

२ ऑगस्ट १९९०, गुरुवार. कुवेतमधल्या फरवानियाच्या खोलीत पहाटे धाडधाड आवाजानं जाग आली. मला वाटलं एसीचा कॉम्प्रेसर गेला. खिडकीतून पाहिलं तर रस्त्यावर रणगाडा. आमचा मालक सुट्टीवर परदेशी होता, तो तिथेच राहिला. सहा दिवसांत कुवेत इराकमध्ये विलीन केल्याची घोषणा झाली आणि महिनाअखेरीस आम्ही इराकच्या एकोणिसाव्या प्रांताचे रहिवासी झालो. बँकेतले दिनार बँकेतच राहिले. पाव मिळवायला पहाटेपासून रांग लावायची. रांगेची सवय नौपाड्यापासूनची होती, तेवढी कामी आली. त्या वर्षीचा गणपती आम्ही मराठी पोरांनी कपाटाच्या दारावर खडूनं काढला. विसर्जन ओल्या फडक्यानं केलं.

सप्टेंबरमध्ये बस मिळाली. टू-इन-वन विकून माझं भाडं भरलं. बसरा, बगदाद आणि तिथून वाळवंटातून जॉर्डन. बसमध्ये मल्याळी नर्सेस, गोव्याचे दोन आचारी, एक शीख सुतार बायकामुलांसह. बगदाद सोडल्यावर सगळ्यांचे चेहरे उतरले, कारण पुढे काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बाहेर नुसता पिवळा रंग. आणि मला अचानक कळलं की मी माझ्या ठिगळात शिरलोय.

सिगारेटच्या कार्टनचा पुठ्ठा उलटा करून मी नकाशा काढला. शाळेतला, चार बोटं रुंदीचा. ब्लँकेटचा एक धागा उपसला. माझ्या शेजारी एक वयस्कर नर्स होती, ती दर अर्ध्या तासानं विचारायची, "कितना बाकी?" मी धागा लावून सांगायचो. रमादी गेलं, साडेतीन बोटं उरली. रुतबाची पाटी येण्याआधी मी रुतबा म्हणालो, आणि खरोखरच रुतबा आलं, तेव्हा मागच्या सीटवरचा सुतार उठून माझ्या पाठीवर थाप मारून गेला. जणू ते गाव मीच वसवलं होतं. पाणी तेवढंच होतं, ऊन तेवढंच होतं, चौकीवरचे सैनिक तसेच दरडावत होते. पण बसमधलं रडणं थांबलं. मग लोक बोटांवर बोलायला लागले. "दो उंगली हो गया?" "डेढ़."

सरहद्दीवर तंबूत आठ दिवस काढले. तिथलं फार लिहीत नाही. एवढंच लिहितो, की शेजारच्या तंबूत बांगलादेशी मुलं होती, आमच्याच वयाची, आमच्यासारखीच कामं केलेली. आमच्यासाठी विमानं येत होती आणि ती मुलं वाट बघत होती. देश म्हणजे काय, यावर शाळेत मी निबंध लिहून बक्षीस मिळवलंय. त्या निबंधात हे नव्हतं. माझ्या नावाचा पुकारा झाला तेव्हा त्यांतल्या एकानं मला स्वतःची पाण्याची बाटली दिली. विमानात पाणी मिळेल हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

एअर इंडियानं १३ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर या काळात ४८८ फेऱ्यांमधून एक लाख अकरा हजारांवर माणसं अम्मानहून आणली. गिनेस बुकात नोंद आहे. त्या आकड्यातला एक मी. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला जाऊन सद्दामच्या गळ्यात पडले म्हणून पुष्कळ टीका झाली, अजून होते. करावी. टीका करणारे आमच्या बसमध्ये नव्हते.

मुंबईत उतरलो तर इथे मंडल आयोगाच्या आरक्षणावरून रस्ते पेटलेले. पुढच्या वर्षी देशानं सोनं गहाण टाकलं. हातात काम नाही, शिल्लक नाही, आणि तलावपाळीवर संध्याकाळी लोक विचारायचे, "मग, परत कधी जाणार?" उतरलो त्याच आठवड्यात बाईंकडे गेलो. त्या निवृत्त झाल्या होत्या. नकाशा त्यांच्या बाहेरच्या खोलीत, दारामागे टांगलेला. शाळेनं रद्दीत काढला तेव्हा त्यांनी मागून घेतला होता. बाईंनी चहा ठेवला, माझ्याकडे नीट बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "रुतबा लागलं का वाटेत?"

मी हो म्हणालो. पुढे काही बोलता येईना. मग त्या उठल्या, नकाशाजवळ गेल्या आणि ठिगळावर बोट ठेवून म्हणाल्या, "तुझं अम्मान चुकलंय. करंगळीच्या नखाएवढं वर गेलंय. तेव्हाच सांगणार होते, राहून गेलं. एका नखात शंभर किलोमीटर येतात इथे. या नकाशानं गेला असतास तर सीरियात उतरला असतास." आणि आम्ही दोघं हसत सुटलो ते चहा उतू जाईपर्यंत.

पुढचं थोडक्यात. संयुक्त राष्ट्रांच्या नुकसानभरपाई आयोगाकडून काही वर्षांनी डॉलर आले, इराकच्या तेलाच्या पैशातले. त्यातून वागळे इस्टेटमध्ये एक सेकंडहँड लेथ घेतली. आज शेडमध्ये एकवीस माणसं आहेत आणि आमचे व्हॉल्व्ह जर्मनीला जातात. स्वतःची फुशारकी स्मरणिकेत नाही मारायची तर कुठे! पण २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि न्हावाशेव्याहून निघालेला आमचा कंटेनर पुन्हा आफ्रिकेच्या केपला वळसा घालून जायला लागला. दहा-चौदा दिवस जास्त. मुलगा कॉम्प्युटरवर चार्ट दाखवत समजावत होता. मी म्हटलं, अरे, हे मी आठवीत दोऱ्यानं मोजलंय.

आपल्या बॅचच्या ग्रुपवर सकाळी साडेसहापासून जागतिक युद्धं निकालात निघतात. कोणी कोणाला कसं चिरडावं याचे सल्ले, सोबत गुलाबाचं फूल. मी सगळ्यांना एकच उत्तर टाकतो, "दोरा लाव, मग बोल." दोघांनी मला ब्लॉक केलंय. पण २ मार्च २०२२ ला त्याच ग्रुपवरच्या एकाचा फोन आला. पुतणी युद्ध पेटलेल्या युक्रेनमध्ये, खारकीवला मेडिकलला होती. दूतावासानं संध्याकाळी सहाच्या आत, जमेल तसं, चालत का होईना, शहर सोडायला सांगितलं होतं. पिसोचिन नावाच्या गावी जा म्हणे. तो नुसता थरथरत होता. मी नकाशा उघडला, मोबाइलवरचाच. म्हटलं, "ऐक. खारकीव स्टेशनपासून अकराएक किलोमीटर आहे. ठाणे स्टेशनवरून कासारवडवलीला चालत जायचं समज. आपण लहानपणी येऊरला जाऊन येत नव्हतो?" तो गप्प झाला. मग म्हणाला, "कासारवडवली? एवढंच ना?" बर्फ आणि तोफा मी हिशेबात धरल्या नव्हत्या, हे त्यालाही कळत होतं. पण रात्रभर आम्ही दोघं फोनवर घोडबंदर रोडनं चाललो. कापूरबावडी गेली, मानपाडा गेलं. मुलगी पोचली. आता डॉक्टर आहे.

मागच्या महिन्यात शाळेत डोकावलो. आठवी ब आता नाही. मराठी माध्यमाची एकच तुकडी उरलीय, आणि तिथल्या भिंतीवर मोठा स्क्रीन लावलाय. शिक्षिकेनं उत्साहानं बोटानं ताणून आशिया मोठा करून दाखवला. चांगलंच आहे, फाटण्याची भीती नाही. पण स्क्रीनच्या वर, रंगाच्या चार थरांखाली, आपला खिळा अजून आहे. मी हात लावून बघितला.

बाई गेल्या तेव्हा त्यांच्या मुलानं नकाशा माझ्याकडे आणून दिला. शाळेला हवा असेल तर मी स्वतः येऊन टांगून जाईन, शिडीसुद्धा माझी आणेन. फक्त कुणी तो दुरुस्त करू नये. अम्मान आहे तिथेच राहू द्यावं.

— वाळवंट्या, दहावी ब, १९७६